डोळ्यांना लागलेली हळद

डोळे दुखतात ही तक्रार मला कधीच आवडली नाही. ताप आला म्हणणारीच्या कपाळाला हात लावता येतो. बोट कापलं तर रक्त दिसतं. पण डोळे दुखतात म्हणणारीच्या डोळ्यांत बघावं, तर ते सरळ आपल्याकडंच बघत असतात. खरं की खोटं, कळायला काही साधन नाही. आणि जिला साधन नाही ती तक्रार ऐन लग्नसराईत वाढते, हा माझा अनुभव.

आष्टीत आमच्या घराची पुढची खोली म्हणजे आमचं आरीवर्कचं दुकान. ब्लाऊजचं कापड लाकडी चौकटीवर ढोलकीसारखं ताणून बांधायचं आणि टोकाला बारीक आकडा असलेल्या सुईनं त्यावर साखळीटाका, मणी, जरी भरायची, असं हे काम. उजवा हात वरून सुई खुपसतो, डावा हात कापडाखालून दोरा पुरवतो. डावा हात काहीच बघू शकत नाही, म्हणून सगळं बघणं सुईच्या टोकापाशी. पापणी लवली, आकड्यातून दोरा निसटला, की साखळी मागंपर्यंत उसवत जाते. हे काम करणाऱ्या बायका बोलतात, हसतात, एकमेकींची उणीदुणी काढतात, पण मान वर करत नाहीत.

गावातल्या चार मुली लहान चौकटींवर बसतात. मोठी चौकट एकच. नवरीचा ब्लाऊज तिच्यावर लागतो आणि त्याला समोरासमोर दोघी लागतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूच्या स्टुलावर माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा ती परातीपुढं बसली होती, भाकरी थापायला. हात बघून मीच तिला उठवून चौकटीवर आणलं. तिची बोटं माझ्यापेक्षा चांगली आहेत, हे मी तिला कधी सांगितलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र सांगते.

यंदा हंगाम सुरू झाला आणि तिची तक्रारही सुरू झाली. दुपारची भाकरी झाली की सुई खाली.

"बाई, डोळ्यात वाळू गेल्यावानी होतंय."

"पाणी मार."

"मारलं. भुवईच्या वर ठणका लागलाय नुसता."

गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. चष्म्याचा नंबर बरोबर, बाकी काही दिसत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काही दिसत नाही, हे मी नीट ऐकून ठेवलं. कारण तेवढ्यात मला दोराबाजारातून दुसरंच काही ऐकू आलं होतं. आम्ही जिथून मणी घेतो तो दुकानदार मला म्हणाला, "कावून हो वहिनी, धाकट्या वहिनींनी येगळं काम धरलं काय?"

"कशावरून?"

"परवा जाड मणी नेले. जाड दोरा नेला. तुमच्या सामानात घालू नका म्हणल्या."

मी हसून म्हटलं, मीच सांगितलं होतं. दुकानदाराला घरातलं काही कळू द्यायचं नसतं. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात चौकट बांधून झाली होती. दुपारी डोळे दुखतात, संध्याकाळी आपल्या खोलीचं दार लोटून बसते, आणि वेगळं सामान आणते. म्हणजे तिला स्वतःचं काम सुरू करायचंय. माझ्याकडं शिकली, माझी गिऱ्हाइकं बघून ठेवली, आता डोळ्यांचं निमित्त करून उठायचं आणि पुढच्या गल्लीत बसायचं. असं होतं. आष्टीत दोन बायकांचं दुकान एका बाईचं झालेलं मी बघितलंय.

मी ठरवलं, तिला एक संधी द्यायची आणि मग तिचं स्टूल त्या चार मुलींतल्या थोरलीला द्यायचं. स्टूल गेलं की जावेला परत परातीपुढं बसावं लागेल, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, कारण ती पहिल्यांदा डोळे दुखतात म्हणाली तेव्हाच थोरलीला मी मोठ्या चौकटीवर हात फिरवायला बोलावलं होतं, तेव्हा जाऊ बाजूला सरकली आणि तिच्या मानेची शीर वर आली.

ती संधी डॉक्टरीण घेऊन आली.

वरचं शिक्षण घेणारी एक मुलगी त्या दवाखान्यात काही दिवसांसाठी आली होती. बारीक काम करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवर येणारा ताण, हा तिच्या संशोधनाचा विषय. डॉक्टरांनी तिला आमचं दुकान सांगितलं. एका सकाळी ती दारात उभी.

"मावशी, तुमच्याकडे आरीवर्क करतात ना?"

"ताई म्हण," मी म्हटलं. "आणि चष्मे विकायचे असतील तर आमच्याकडं आहेत."

ती हसली. चष्मे नाहीत, औषध नाही, काही विकायचं नाही, म्हणाली. डोळ्यांत एक पिवळा रंग लावून बघायचं. फुकट म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. मी तिला बसवलं आणि उलटतपासणी घेतली. रंग कसला? कुठून येतो? नजर जाईल का? तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. आत कागदाची बारीक पट्टी, तिच्या टोकाला नारिंगी रंग. हे टोक पाण्याच्या थेंबानं ओलं करून खालच्या पापणीच्या आत टेकवायचं, म्हणजे अश्रूंमध्ये रंग मिसळतो. मग निळा दिवा लावून यंत्रातून बघायचं. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर पसरलेला असतो. पापणी लवली की तो नव्यानं सारवला जातो. पापणी उघडी धरून ठेवली की थोड्या वेळानं तो फाटतो आणि रंगात काळा डाग उमटतो. किती वेळानं फाटतो, ते ती मोजणार.

"आणि लवकर फाटला तर?"

"डोळे कोरडे पडतायत. बारीक कामात पापणी कमी लवते, म्हणून. त्याचा आणि ताणाचा संबंध आहे का, तेच बघायचंय."

पाकिटावरची मुदत मी चष्मा लावून वाचली. मुदत होती. पण माझं लक्ष मुदतीवर नव्हतं. इतकी वर्षं ज्याला साधन नव्हतं, ते साधन माझ्या समोर कागदाच्या पट्टीवर होतं. कुणाचे डोळे खरंच दमलेत आणि कोण नाटक करतंय, ते आता रंगात दिसणार होतं. मी लगेच हो म्हटलं. डॉक्टरणीला वाटलं, बाई फार समजूतदार आहे.

जाताना तिनं मला तिथंच, मुलींच्या देखत विचारलं, "तुमचे डोळे जळजळतात का, ताई?"

"नाही."

"खुपतात? संध्याकाळी धूसर दिसतं? कपाळ दुखतं?"

"नाही. नाही. नाही."

सुया थांबल्या होत्या. मालकीण काय म्हणते ते चारही मुली ऐकत होत्या.

दवाखान्यात आम्ही दोन पाळ्यांत गेलो. मी आणि दोन मुली सकाळी आधी, दुकान उघडण्याच्या वेळेलाच. जाऊ आणि उरलेल्या दोघी नंतर, घरचं आवरून. मी माझी तपासणी झाल्यावर परत यायला हवं होतं. आले नाही. बाकावर बसून राहिले. शटर खाली होतं आणि मला घाई नव्हती.

माझ्या वेळी पट्टी टेकली, थोडं चुरचुरलं. हनुवटी यंत्राच्या खोबणीत ठेवली. निळा उजेड. "दोन-तीनदा पापणी मिटा. आता उघडी ठेवा, मिटू नका." मी डोळे ताणले. डोळे न मिटता बसण्यात माझा हात कोण धरणार? तेवढ्यात ती म्हणाली, "मिटा."

"मी अजून राहू शकते."

"तुम्ही राहाल ताई. थर नाही राहिला."

पुन्हा केलं. पुन्हा तसंच, लगेच "मिटा." यंत्र बिघडलंय, अशी मी मनात नोंद केली.

बाहेर मुलींचा गोंधळ चालला होता. डोळे पुसले तर पदराला पिवळं. एकीनं नाक शिंकरलं तर रुमालात तेही पिवळं. ती किंचाळली. डॉक्टरीण आतूनच ओरडली, घाबरू नका, डोळ्यातलं पाणी नाकातच उतरतं.

"हळद लागली गं डोळ्यांना!" शिंकरणारी म्हणाली. "आता मांडव कवा?"

"तुझा तर नाकात घातलाय मांडव. पूस आधी," दुसरी म्हणाली.

मग जाऊ आली. आत गेली. मी बाकावर, दार अर्धं उघडं. डॉक्टरीण कुणाचा निकाल कुणाला सांगत नव्हती. मी आधीच विचारून बघितलं होतं, तर म्हणाली, ज्याचा त्याला सांगते. पण कान मला होते. "आता उघडी ठेवा, मिटू नका." मी वाट बघितली. आत काहीच आवाज नाही. बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिच्यावरचं गाणं पार चौकापर्यंत जाऊन विरलं, तरी "मिटा" येईना. अखेर आलं. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच. आणि डॉक्टरीण स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "काय गुळगुळीत आहे!"

जाऊ पिवळे डोळे घेऊन बाहेर आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "चांगलं हाय म्हणली, बाई. लई चांगलं." तिचा चेहरा मात्र चांगलं ऐकलेल्या माणसासारखा नव्हता. चोरी पकडली गेली की माणूस असाच दिसतो, असं मला वाटलं.

चौकटीवर जो ब्लाऊज लागला होता त्याच्या एका बाहीवरचा बाजूबंद राहिला होता. तो पुरा करायचा आणि मग स्टूल थोरलीला द्यायचं, असं मी पक्कं केलं. दुपारी जावेनं पुन्हा सुई खाली ठेवली. या वेळी मी पाणी मार म्हटलं नाही.

"रंग घालून बघितलं की डॉक्टरणीनं," मी म्हटलं. "काही नाही निघालं."

"मग काय, कापून बघता का आता?" ती म्हणाली आणि उठून आत गेली. मुलींनी माना आणखी खाली घातल्या.

काम आटोपल्यावर चौकटीवर झाकायचं पांढरं फडकं मी झटकलं, तर त्यावर तेलाचा डाग.

आमच्या धंद्यात तेलाला साप समजतात. रेशमावर एक ठिपका पडला की महिनाभराचं काम गिऱ्हाईक तोंडावर फेकतं. म्हणून मुली केसांना तेल लावून आल्या तर मी परत पाठवते, आणि डबा खाल्ला की हात राखेनं धुवायला लावते. कुणाचं तेल, म्हणून मी एकेकीला उभं केलं. कुणीच कबूल होईना. वेण्या हुंगल्या. खोबरेलाचा वास नाही. मग डाग हुंगला, तर तो वास वेगळाच, जड, घशाशी येणारा. फडक्याखाली जावेचा रुमाल सापडला. त्यावर दवाखान्यातला पिवळा रंग पसरला होता आणि त्या पिवळ्याभोवती तेलाचं कडं होतं. कडं पारदर्शक झालं होतं. त्यातून मला माझी बोटं दिसली.

डोळे पुसलेल्या रुमालाला तेल कुठून आलं?

मला आधी जे सुचलं ते तिच्या विरुद्धच सुचलं. काहीतरी लावून गेली. तपासणी फसवली. रुमाल मुठीत धरून मी आत गेले. दारापाशीच्या कोनाड्यात सासूबाईंची बाटली होती, तोंडाला कापसाची वात लावलेली. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचं माहेर लिंबागणेशकडचं. बांधावरच्या एरंडीचं तेल अजून तिकडून येतं आणि घरातल्या प्रत्येक दुखण्यावर लागतं. पोटावर लागतं, टाचांना लागतं. मला लागत नाही, कारण मी लावून घेत नाही. बाटली हुंगली. तोच वास.

आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी रुमाल समोर धरला.

"हे काय?"

"रुमाल हाय."

"तेल कुणी घातलं?"

"मीच घातलं," आत्या म्हणाल्या. शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. "उंबऱ्यातच उभी केली तिला आन् दोनी डोळ्यात एक एक थेंब सोडला. डॉक्टरीण डोळे बघणार म्हणल्यावर असे कोरडे फटफटीत डोळे घिऊन जायचं व्हय? पाव्हणे यायचे म्हणल्यावर घर सारवत न्हाई का आपण?"

"आणि तिनं घालू दिलं?"

"तिला काय इचारायचं? डोळे लाल गुंज झालते तिचे, म्हणून घातलं. तुला घातलं असतं, पण तू थांबती कुठं?"

मी तिथंच बसले. सारवणे हा शब्द डॉक्टरणीनंही वापरला होता. पापणी थर सारवते. आणि इथं आत्यांनी उंबऱ्यात उभं करून एरंडेलानं सारवला होता.

माझा स्वभाव संशयी आहे हे मला मान्य आहे. त्याच्यावरच दुकान उभं आहे. पण संशय घ्यायचा तर नीट घ्यावा. मी शेंगा फोडत हिशेब लावला. डोळे दुखतात असं खोटं सांगणारी बाई तपासणीला जाताना डोळे बिघडतील असं काहीतरी करेल. कांदा चोळेल. जागरण करेल. तेल घालून डोळे बरे दिसतील असं कशाला करेल? तिनं केलंच नाही म्हणा, आत्यांनी केलं. पण तिनं लपवायचं ठरवलं असतं तर तो रुमाल माझ्या फडक्याखाली ठेवला नसता. आणि तेलानं तो रंग जास्त वेळ टिकत असेल, तर तिच्या "चांगलं"ला काही अर्थ नव्हता. तपासणी तिची झालीच नव्हती. झाली ती आत्यांच्या बाटलीची.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरीण आवरत होती. मी रुमाल टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. ती आधी माझ्याकडं, मग रुमालाकडं बघत राहिली.

"पण मी विचारलं होतं सगळ्यांना. डोळ्यांत काही घातलं का म्हणून."

"एरंडेल आमच्याकडं काही घालणं नसतं. ते आंघोळ केल्यासारखं आहे."

ती खुर्चीत टेकली. तेलामुळं थर टिकला असणं शक्य आहे, म्हणाली. अश्रूंच्या थरावर मुळातच तेलाचा पापुद्रा असतो, त्यानंच ते वाळत नाहीत. गुळगुळीत दिसलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती, असंही ती म्हणाली. मग तिनं मला थोडं झापलंही. बाटली स्वच्छ नाही, वात तर नाहीच नाही, घरचं तेल पुन्हा कुणाच्या डोळ्यांत जाता कामा नये. मी मान डोलवली. आत्यांना सांगायची जबाबदारी मात्र घेतली नाही.

"बाकीच्यांनी काय काय घातलं असेल?" ती म्हणाली.

"ते मी काढते," मी म्हटलं. तेल कुणाचं हे हुडकण्यात माझी संध्याकाळ गेलीच होती. सराव झाला होता.

काढलं. आमच्या चार मुलींत एकीनं गुलाबपाणी घातलं होतं. एकीनं काजळ काढायला खोबरेल चोळलं होतं, कारण काजळ लावून येऊ नका असं सांगितलं होतं. थोरलीनं मध घातला होता आणि दवाखान्यात पोचेपर्यंत डोळे चोळत रडली होती. एक सोडली तर सगळ्या नटून गेल्या होत्या. दवाखान्यात आमच्याआधी शिवणकामवाल्या बायका येऊन गेल्या होत्या. त्यांचं काय, हे विचारायची डॉक्टरणीला हिंमत झाली नाही, पण विचारावं लागलं. तिनं सगळ्यांना पुन्हा बोलावलं, आणि या वेळी दारातच एकेका वस्तूचं नाव घेऊन विचारलं. तेल? मध? गुलाबपाणी? दूध? काजळ? बायका हसून लोटपोट झाल्या.

आत्यांची बाटली मी त्या दिवशी कुलपात ठेवली. आत्या चिडल्या. "माझं तेल वंगाळ व्हय? तुमचे नवरे त्याच तेलावर वाढले."

जावेच्या दुसऱ्या तपासणीला मी बाकावर बसले. तिला ते कळत होतं. आत जाताना म्हणाली, "ऐका आता नीट." तिनं हे मोठ्यानं म्हटलं, म्हणून डॉक्टरणीनं दार लावून घ्यायला हात पुढं केला. जाऊ म्हणाली, "असू द्या उघडं. त्यांना ऐकायचंय."

पट्टी टेकली असेल. निळा उजेड लागला असेल. "आता उघडी ठेवा."

"मिटा."

इतक्या लवकर, की रस्त्यावरून काही जायचं राहूनच गेलं. दुसरा डोळा. "मिटा." माझ्यासारखंच.

मी आत गेले आणि सरळ विचारलं, "म्हणजे ही खरं बोलत होती."

डॉक्टरणीनं जावेकडं बघितलं. जावेनं, सांगा, असं खुणावलं.

"डोळे कोरडे पडतात, एवढं रंगावरून कळलं," ती म्हणाली. "दुखतात की नाही, ते रंग सांगत नाही. ते यांनीच सांगायचं आणि आपण ऐकायचं. कुणाचा थर चांगला टिकतो तरी डोळे फार दुखतात. कुणाचा लगेच फाटतो आणि त्या म्हणतात, काहीच होत नाही. हे दोन्ही जुळतं का, किती जुळतं, तोच तर माझा विषय आहे."

मला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. एवढं निळं यंत्र, एवढा पिवळा रंग, आणि शेवटी बाईच्या तोंडच्या शब्दावरच यायचं असेल तर मी जिथं होते तिथंच होते.

तिनं उपाय सांगितले, ते मात्र कामाचे होते. दर थोड्या वेळानं मान वर करून लांब बघायचं. पापणी मुद्दाम पूर्ण मिटायची. पंखा तोंडावर येतोय तो हलवायचा. थेंब लिहून दिले. पंखा माझ्याच हातचा होता; कापडावरची धूळ उडावी म्हणून मोठ्या चौकटीच्या बरोबर वर लावून घेतला होता.

परतताना आम्ही दोघीच होतो. पदर डोळ्यांवर धरून जाऊ चालत होती, पिवळं पुसत. तेव्हा मी विचारलं. खरं तर आधी विचारायला हवं होतं, पण दुकानदाराचं ऐकून विचारणं म्हणजे त्याला मोठं करणं.

"जाड मणी कशाला नेले?"

ती थांबली नाही. "नेले. बाजारातून कळलं व्हय तुमाला?"

"कशाला नेले?"

"थोरलीला माझ्या जागी बसवायलेत ते काय मला दिसत न्हाई? डोळे दुखतेत, पण तेवढं दिसतंय. म्हणलं, बारीक काम गेलं तर जाड तरी यावं. जाड मण्याला डोळे लई लागत न्हाईत. शिकत होते घरात."

"मला सांगायचं."

"तुमाला सांगायचं?" ती हसली. "डोळे दुखतेत हे सांगितलं तर रंग घालून बघितलंत. हे सांगितलं असतं तर काय घातलं असतंत?"

संशयाची ही एक खोड आहे, तो स्वतःच्या पुराव्याचं सामान स्वतःच विकत आणायला लावतो. फक्त आणतं दुसरंच माणूस.

घरी येऊन मी तिला ते जाड काम दाखव म्हटलं. तिनं खोलीतून एक ओढणी आणली. काम ढिलं होतं. मणी लोंबत होते, दोरा मधून मधून सैल. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, मला पण ठाऊक हाय. मग मी पंखा बाजूला सरकवून घेतला, जाड मण्यांच्या सरावासाठी एक जादा लहान चौकट तिच्या खोलीत ठेवली आणि थोरलीला तिच्या जुन्या जागी बसवलं. ती फुगून बसली. नवरीचा पुढचा ब्लाऊज मोठ्या चौकटीवर चढवला आणि जावेला म्हटलं, "बस."

ती स्टुलावर बसली. सुई हातात घेतली. मी माझ्या बाजूला. बराच वेळ आम्ही दोघी मोराच्या पिसाऱ्यावर दोन टोकांनी काम करत होतो. मग तिनं मान वर केली, डॉक्टरणीनं सांगितल्याप्रमाणं रस्त्यापलीकडं लांब बघितलं, पापण्या सावकाश मिटल्या आणि उघडल्या त्या माझ्यावर.

"बाई, तुमचा रंग पण लगेच फाटला म्हणं."

"तुला कुणी सांगितलं?"

"दार अर्धं उघडंच राहतंय की त्या दवाखान्याचं. आमच्यातली एक बाकावर होती तुमच्या येळी." मुली गालातल्या गालात हसत होत्या. "मग तुमचे डोळे दुखत न्हाईत, हे खरं कशावरून?"

"दुखत नाहीत म्हटलं ना."

"म्हणलंत खरं," ती म्हणाली. आणि तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मी इतके दिवस तिच्या डोळ्यांत बघत आले तसंच, एकेक शीर तपासत. मला तिथून नजर काढता येईना. मोरावरचा टाका राहिला होता, आणि सुईचं टोक मला दिसत नव्हतं, कालही यावेळी दिसत नव्हतं, आणि परवाही. मी पापण्या मिटल्या. वाळू खाली बसायला थोडा वेळ लागला.

"पंखा अजून थोडा सरकव," मी म्हटलं. "माझ्या तोंडावर येतोय."